ओसंडणारी गटारे आणि खालच्या अंगाची माणसे

(श्रीगोंदा येथे नागरिकांच्या सभेत केलेल्या भाषणाचे लेखी रूप.)



श्रीगोंद्यासारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात, वादळी पावसात ओसंडणाऱ्या मैलापाण्यावर भाषण करावे, हे काही श्रोत्यांना विपरीत वाटण्याचा संभव आहे. ज्या मुलखाने १९७२ चा दुष्काळ खडी फोडून काढला, जेथे वर्षाकाठी सरासरीने पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेथे पाण्याच्या अतिरेकाची चिंता कशाला, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही. परंतु आपल्याकडचा पाऊस वर्षाच्या बेरजेने नव्हे, तासाच्या हिशेबाने मोजावा लागतो. जून-जुलै कोरडे जातात, पिके माना टाकतात, आणि मग भाद्रपद-आश्विनात परतीच्या पावसाचा एखादा ढग एका संध्याकाळी महिन्याभराचे पाणी ओतून जातो. शेताला त्याचा उपयोग थोडा, बांध मात्र फुटतात. गावात तर त्याहून वेगळा प्रकार घडतो. रस्त्यावरचे पाणी गटारात शिरते, गटारातले पाणी रस्त्यावर येते, आणि दोन्ही मिळून उताराच्या बाजूला असलेल्या घरांच्या उंबऱ्याशी जाऊन थांबतात.

ही घरे कोणाची असतात, हे सांगण्याची आवश्यकता नाही. गाव उंचवट्यावर वसते आणि ओढ्याच्या काठची, लवणातली जागा ज्यांना दुसरीकडे कोठे जागा मिळत नाही त्यांच्या वाट्याला येते. पाणी उताराकडे धावते हा निसर्गाचा नियम आहे. पण उताराला कोणी राहावे, हे निसर्गाने ठरविलेले नाही. म्हणून आजचा विषय स्थापत्यशास्त्राचा असला तरी तो केवळ अभियंत्यांवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

हिशेब काय सांगतो?

प्रथम थोडा हिशेब करू. तीस हजार वस्तीचे एक गाव कल्पनेने डोळ्यांपुढे आणा. भुयारी गटार असलेल्या गावात माणशी दररोज १३५ लिटर पाणी द्यावे आणि त्याच्या सुमारे ऐंशी टक्के पाणी सांडपाणी म्हणून परत येते असे धरावे, हा आपल्या देशातील सरकारी नियमावलीचा दंडक आहे. त्या हिशेबाने या गावाचे मैलापाणी दिवसाला ३२ लाख ४० हजार लिटर, म्हणजे तासाला सरासरी १ लाख ३५ हजार लिटर होते. सकाळच्या गर्दीचा विचार करून अशा आकाराच्या गावात सरासरीच्या अडीचपट प्रवाह वाहून नेतील एवढ्या नळ्या घालतात. म्हणजे गटाराची ताकद झाली तासाला साधारण ३ लाख ४० हजार लिटर.

आता याच गावाच्या पन्नास हेक्टर दाट वस्तीवर एका तासात पंचवीस मिलिमीटर पाऊस पडला असे समजा. त्यातला अर्धाच वाहून आला, तरी ते पाणी ६२ लाख ५० हजार लिटर होते. दोन दिवसांचे मैलापाणी एका बाजूला आणि एका तासाचे पावसाचे पाणी दुसऱ्या बाजूला, असे हे प्रमाण आहे. या पावसाच्या पाण्याचा केवळ दहावा हिस्सा मैल्याच्या गटारात घुसला, तरी गटाराच्या ताकदीच्या जवळजवळ दुप्पट पाणी तेथे येते. मग झाकणे उचलली जातात, आणि जे जमिनीखाली राहावे म्हणून आपण लाखो रुपये खर्च केले ते अंगणात येते.

यावर कोणी म्हणेल, आपल्याकडे मैल्याची आणि पावसाची गटारे वेगळी ठेवण्याचे धोरण आहे. मग हे पाणी आत जाते कसे? कागदावर ती वेगळी आहेत हे खरे. प्रत्यक्षात गच्चीचा आणि परसातला नळ जवळच्या चेंबरला जोडलेला असतो, कारण तो जोडणे सोपे आणि स्वस्त असते. रस्त्यावर पाणी तुंबले की लोक मॅनहोलचे झाकण उघडून देतात. २९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत एक नामवंत डॉक्टर अशाच उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले. शिवाय वादळात वीज जाते, उपसा केंद्रातले पंप बंद पडतात, आणि मागचे सारे गटार फुगते.

आपल्या गावोगावच्या नाल्यांची कथा तर याहून निराळी आहे. नाला मुळात पावसाच्या पाण्याचा. पण गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत त्यात मैलापाणी सोडून आपण त्याचे उघडे गटार केले. पुढे त्यावर उपाय म्हणून नाल्याला आडवा बांध घालून उन्हाळी प्रवाह नळीने शुद्धीकरण केंद्राकडे वळविण्याची पद्धत आली. कोरड्या दिवसांत ही योजना चांगली चालते. मात्र पाऊस आला की नाला बांधावरून उडी मारतो आणि नदीत जातो. केंद्राच्या नोंदवहीत त्या दिवशीही नेहमीइतकेच पाणी शुद्ध झाल्याचे दिसते. बांधावरून जे गेले त्याची नोंद बहुधा कोठेच होत नाही.

त्यातही पहिल्या पावसाचा लोंढा सर्वांत घातक. आठ महिने नाल्याच्या तळाशी साचलेला गाळ, रस्त्यावरचे तेल आणि शेण, उकिरड्यांचा निचरा हे सारे पहिल्या काही मिनिटांत खरवडून निघते. नदीत उन्हाळ्यात पाणी थोडे असते. त्यात हा लोंढा मिसळला की प्राणवायू संपतो आणि मासे उलटे होऊन तरंगू लागतात. नळाचे पाणी ठरावीक वेळीच येत असेल तर धोका आणखी वाढतो. रिकाम्या पडलेल्या जलवाहिनीत पोकळी निर्माण होते आणि शेजारच्या चिखलातले दूषित पाणी गळक्या सांध्यातून ती आत ओढून घेते. हगवण, कावीळ, विषमज्वर पावसाळ्यातच का डोके वर काढतात, याचे एक मोठे उत्तर येथे आहे.

भीमेच्या काठावरून पाहिले तर

हा प्रश्न एका गावापुरता नाही. गावातून वाहणारी सरस्वती पेडगावजवळ भीमेला मिळते. ही भीमा आपल्या तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून वाहते, आणि ती येथे येण्यापूर्वी रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठेचे पाणी तिच्यात आलेले असते. म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महानगरांनी जे नदीत सोडले, ते आपल्या काठच्या गावांपुढून जाते आणि पुढे उजनीच्या जलाशयात साठते. त्याच जलाशयावर सोलापूर शहर अवलंबून आहे, आणि त्याच नदीवर खाली पंढरपूर आहे. आषाढीला, म्हणजे ऐन पावसाळ्यात, लाखो वारकरी तिच्या पात्रात उतरतात.

पुण्याच्या मुळा-मुठा शुद्धीकरणासाठी जपानी कर्जाच्या साह्याने ९९० कोटी रुपयांची योजना जानेवारी २०१६ मध्ये मंजूर झाली. अकरा नवी केंद्रे आणि दररोज ३९६ दशलक्ष लिटरची वाढीव क्षमता हे तिचे स्वरूप. पुढे ती रखडली, खर्चही वाढला. पण ती पूर्णत्वाने उभी राहिली तरी ती प्रामुख्याने कोरड्या दिवसांच्या मैलापाण्याचा विचार करणारी आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने आणि त्या पावसाने पुणे परिसरात वीसहून अधिक माणसांचा बळी घेतला. अशा रात्री जे पाणी नदीत जाते त्याचा हिशेब कोणत्या केंद्राने ठेवावा? वरच्या शहराने खालच्या गावाला काय देणे लागते, हा प्रश्न धरणाच्या पाण्याच्या बाबतीत आपण नेहमी विचारतो. घाणीच्या बाबतीतही तो तितक्याच निग्रहाने विचारला पाहिजे. मात्र पुण्याकडे बोट दाखविताना सरस्वतीचे काय, हेही आपल्याला सांगता आले पाहिजे. पेडगावच्या खालच्या माणसाच्या लेखी आपणही वरच्या अंगाचे आहोत.

उपाय कोणते, आणि कोणत्या क्रमाने?

उपायांची चर्चा करताना यंत्रांपासून सुरुवात करण्याची आपल्याला खोड जडली आहे. माझ्या मते क्रम उलटा असावा. पावसाचे पाणी मैल्याच्या गटारात जाऊच देऊ नये, ही पहिली पायरी. शंभर चौरस मीटरच्या छपरावर पंचवीस मिलिमीटर पाऊस पडला की अडीच हजार लिटर पाणी मिळते. हे पाणी टाकीत साठवावे, विहिरीत किंवा कूपनलिकेजवळ गाळून जिरवावे. घराच्या न्हाणीच्या पाण्यासाठी शोषखड्डा ही कल्पना आपल्या खेड्यांना नवी नाही. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही गावे आपल्याच जिल्ह्यातली. वाहत्या पाण्याला चालायला आणि चालत्या पाण्याला थांबायला लावण्याचा धडा त्यांनी शेतात गिरवून दाखविला. तोच धडा गावठाणात का गिरवू नये? एक सावधगिरी मात्र हवी. काळ्या चिकणमातीत पाणी जिरत नाही. तेथे खड्डा मुरमापर्यंत खोल नेऊन खडी-वाळूने भरावा लागतो. नाहीतर शोषखड्डा म्हणजे डासांचे माहेरघर होते.

दुसरी पायरी साठवणुकीची. वादळ दोन तासांत ओसरते. तेवढा वेळ सर्वांत घाण पाणी अडवून धरता आले तर मोठे काम झाले. वर सांगितलेल्या गावात पावसाच्या पहिल्या पाच मिलिमीटरचा लोंढा धरायचा, तर साडेबारा लाख लिटरची टाकी लागते. पंचवीस मीटर लांब, वीस मीटर रुंद आणि अडीच मीटर खोल, एवढाच तिचा आकार. आपल्या तालुक्यातला शेतकरी याहून मोठे शेततळे स्वतःच्या रानात खोदतो. वादळ सरल्यावर हे पाणी दोन दिवसांत हळूहळू, मुख्यतः रात्री, शुद्धीकरण केंद्रात सोडावे. केंद्रावर रोजच्या एकपंचमांशापेक्षा अधिक भार पडत नाही. टाकीच्या तळाला उतार हवा, धुण्याची सोय हवी, आणि वस्तीपासून ती दूर व झाकलेली हवी. ब्रिटनमध्ये कोरड्या दिवसाच्या सुमारे तिप्पट प्रवाहापर्यंत पूर्ण प्रक्रिया करायची आणि त्यापुढचे पाणी वादळटाक्यांत घ्यायचे, असा जुना प्रघात आहे. टाकी भरून वाहिली, तरी जड गाळ तळाशी बसलेला असतो.

जे पाणी टाकीतही मावत नाही त्यावर झटपट प्रक्रिया करणे, ही तिसरी पायरी. नेहमीच्या केंद्रात मैला खाण्याचे काम जिवाणू करतात. त्यांना वेळ लागतो, आणि एकदम पाणी लोटले तर तेच वाहून जातात. म्हणून वादळाच्या पाण्याला निराळी रीत लागते. प्रथम जाळ्यांनी चिंध्या आणि प्लास्टिक अडवायचे. मग गोल टाकीत पाणी कडेने सोडून भोवरा निर्माण करायचा, म्हणजे जड कण मध्याकडे जाऊन तळातून निघून जातात. या टाकीत फिरणारा एकही भाग नसतो, म्हणून वीज गेली तरी ती चालते. याहून वेगवान रीत तुरटीची. गढूळ पाण्यात तुरटी फिरवून गाळ बसविणे आपल्या आजीलाही ठाऊक होते. त्यात बारीक वाळूचे वजन मिसळले की गाळाचे पुंजके तासांऐवजी मिनिटांत खाली बसतात. पण या यंत्रणेला रसायन, वीज आणि जाणकार माणूस तिन्ही लागतात. वर्षातून पंधरा-वीस वेळा चालणारे यंत्र लहान नगरपरिषदेत ऐन वेळी सुरू होईलच, याची हमी कोणी द्यावी?

म्हणून लहान गावासाठी मला वेताच्या आणि पाणकणसाच्या वाफ्यांचा मार्ग अधिक भरवशाचा वाटतो. जर्मनीत वादळी पाण्यासाठी वाळूचे मोठे वाफे करून त्यावर वेत लावतात. पाणी वरून पसरते, वाळूतून झिरपते, तळाच्या नळ्यांतून मंद गतीने बाहेर पडते. वाळू गाळणीचे काम करते, मुळांभोवतीचे जीवजंतू घाण पचवितात, आणि दोन पावसांच्या मधल्या काळात वाफा श्वास घेतो. आपल्याकडे आठ महिने कोरडे जातात, म्हणून केंद्रातून शुद्ध झालेले थोडे पाणी देऊन ही वनस्पती जगवावी लागेल. जागा अधिक लागते, ही या रीतीची खरी किंमत आहे. ओढ्याकाठची सरकारी आणि नगरपरिषदेची जागा अतिक्रमणाला किंवा गाळे बांधण्याला जाण्यापूर्वीच ती राखून ठेवली पाहिजे.

शेवटची पायरी निर्जंतुकीकरणाची. क्लोरीन टाकला की काम झाले, ही समजूत चुकीची आहे. पाणी गढूळ असेल तर जंतू कणांच्या आड लपतात आणि क्लोरीन वाया जातो. आणि जास्त टाकला तर नदीतले मासे मरतात. आधी गाळ काढणे, मग मोजून क्लोरीन देणे आणि नदीत सोडण्यापूर्वी उरलेला क्लोरीन निष्प्रभ करणे, हा क्रम पाळला तरच तो उपाय ठरतो.

जगाचा अनुभव

१८५८ च्या उन्हाळ्यात टेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंटचे काम चालेना, तेव्हा बॅझलजेट या अभियंत्याने लंडनला गटारांचे जाळे दिले. त्यात पाऊस आणि मैला एकत्र वाहत. जादा पाणी नदीत सोडण्याची तोंडे ठेवलेली होती. शहर वाढले आणि ती तोंडे थोड्याशा पावसातही वाहू लागली. अखेर पंचवीस किलोमीटरचा प्रचंड बोगदा नदीखालून खणावा लागला. तो २०२५ साली पूर्णपणे जोडला गेला. शिकागोने १९७५ मध्ये खोल बोगद्यांचे आणि तलावांचे काम हाती घेतले, ते अजून पुरते संपलेले नाही. एकदा चुकीची रचना जमिनीत गाडली की तिची फेड पुढच्या चार पिढ्या करतात, असा याचा अर्थ. ज्या गावात भुयारी गटार अद्याप व्हावयाची आहे, ते गाव या बाबतीत लंडनपेक्षा सुदैवी म्हटले पाहिजे.

इंग्लंडचा दुसरा धडा मालकीचा आहे. तेथील पाणी आणि मलनिःसारण यंत्रणा १९८९ साली खाजगी कंपन्यांच्या हाती गेली. २०२३ च्या अखेरीस तेथील प्रत्येक वादळी तोंडावर ते किती वेळ वाहिले हे मोजणारे यंत्र बसले, आणि त्या एका वर्षात मिळून ही तोंडे ३६ लाख तास वाहिल्याचे उघड झाले. भागधारकांना लाभांश मिळत होता आणि नद्यांना मैला. परंतु हे जनतेला कळले, कारण मोजण्याची आणि जाहीर करण्याची सक्ती कायद्याने केली होती. आपल्याकडे संस्था सार्वजनिक मालकीच्या आहेत. मोजमाप मात्र सार्वजनिक नाही.

कलकत्त्याचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. त्या शहराच्या पूर्वेला सुमारे साडेबारा हजार हेक्टरांचा पाणथळ प्रदेश आहे. शहराचे सांडपाणी तेथील तलावांत ऊन, शेवाळ आणि जिवाणू यांच्या साह्याने निवळते; त्यावर मासे वाढतात, भाजीपाला पिकतो. कोळ्यांनी आणि शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या ही विद्या जोपासली. ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने तिचे मोल जगाला पटवून दिले, आणि २००२ साली त्या प्रदेशाला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली. विज्ञान प्रयोगशाळेतच जन्मते असे नाही, हे त्या कोळ्यांकडून शिकावे.

आणि मुंबई? तेथील पर्जन्यजल गटारांच्या सुधारणेचा आराखडा १९९३ साली तयार होता. तासाला पंचवीस मिलिमीटर पाऊस वाहून नेणारी व्यवस्था दुप्पट करावी, असे तो सांगत होता. अंमलबजावणी रेंगाळली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढ्या पावसाला कोणतेही गटार पुरे पडले नसते, हे मान्य. पण पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसने जी माणसे गेली, ती साचलेल्या घाण पाण्यातून चालत कामावर आणि घरी जाणारी माणसे होती.

गटारात कोण उतरणार?

या साऱ्या चर्चेत एक माणूस नेहमी विसरला जातो. गटार तुंबले की झाकण उघडून त्यात उतरतो तो सफाई कामगार. वादळानंतर गटारात गाळ सडतो, विषारी वायू साठतो. आत गेलेला माणूस गुदमरतो आणि त्याला वाचवायला गेलेला दुसराही परत येत नाही. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरविण्यास मनाई केली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या वारसांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढली, तरी ज्या जातींच्या माथी हे काम मारलेले होते त्यांच्याच घरांत हे मृत्यू होत राहिले. म्हणून वादळी गटाराचा कोणताही आराखडा पुढे आला की पहिला प्रश्न हाच विचारावा: हे तुंबले तर साफ कोण करणार, आणि कशाने? ज्या आराखड्यात माणूस आत उतरण्याची गरज पडते, तो कितीही स्वस्त असला तरी नामंजूर करावा.

आपण काय मागावे?

मागण्या मोठ्या नाहीत. गावात भुयारी गटार घालताना पावसाची गटारे आधी किंवा निदान बरोबरीने व्हावीत. एकट्या मैल्याच्या नळ्या घालून ठेकेदाराचे बिल चुकते करू नये. गच्चीचे नळ मैल्याच्या चेंबरला जोडलेले आहेत की नाहीत, याची घरोघर पाहणी व्हावी, आणि गरिबाला जोडणी बदलण्याचा खर्च नगरपरिषदेने द्यावा. ओढ्याच्या काठची जागा साठवण-टाकीसाठी आणि वाफ्यांसाठी विकास आराखड्यात राखीव व्हावी. मैलापाणी जेथून ओसंडते त्या प्रत्येक तोंडावर मोजपट्टी असावी आणि कोणत्या दिवशी किती तास पाणी गेले, हे नगरपरिषदेच्या फलकावर लागावे; खालच्या गावांच्या ग्रामपंचायतींना त्याच दिवशी निरोप जावा. भीमेच्या बाबतीत पुण्यानेही हेच करावे, अशी मागणी पेडगावपासून पंढरपूरपर्यंतच्या गावांनी एकत्र येऊन करावी. आपल्या राज्यात जलप्रदूषण मंडळ १९७० पासून आहे, केंद्राचा कायदा १९७४ पासून आहे. कायद्याची उणीव आहे असे वाटत नाही. खालच्या अंगाच्या माणसाचा आवाज वरपर्यंत पोहोचत नाही, ही उणीव आहे.

काँक्रीटचा मोठा नाला उद्घाटनाला शोभून दिसतो. शोषखड्डा, वाळूचा वाफा आणि मोजपट्टी यांच्यावर कोनशिला बसत नाही, त्यामुळे त्यांना वाली मिळत नाही. ते वालीपण नागरिकांनी घ्यावयाचे आहे. येत्या अंदाजपत्रकाच्या सभेला आपल्यापैकी दहा-वीस जण जरी हा हिशेब हातात घेऊन गेले, आणि परतीच्या पावसापूर्वी पहिल्या टाकीची जागा कोणती, एवढे एकच उत्तर लेखी घेऊन आले, तरी आजची सभा कारणी लागली असे मी मानीन.